गजराबाईचा चौथा रविवार

गजराबाई वळवीच्या तोंडून बाळंतपणाआधी बाळाबद्दल एक शब्द काढून दाखवा, माझी पेटी तुमच्या नावावर करून देतो. ही पैज मी वस्तीत कित्येकांशी लावली आणि एकदा सोडून कधी हरलो नाही. पेटी म्हणजे हार्मोनियम. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी आमच्या चर्चमध्ये मी ती वाजवतो, आणि लोक सहन करतात.

गजराबाई दाई. म्हणजे होती. आमच्या आणि आसपासच्या चार गावांतली दोनेकशे लेकरं तिच्या हातांवर आली, त्यांत माझी दोन्ही. प्रकाशापासून चार किलोमीटरवर, तापीच्या काठाला आमची भिल्लांची वस्ती. तीसेक घरं ख्रिस्ती. पूर्वी कुठल्याही घरी कळा सुरू झाल्या की पहिली हाक गजराबाईला. ती यायची, बाकीच्यांना बाहेर हाकलायची. कुणी विचारलं, "आक्का, सुखरूप होईल ना?" तर एकच उत्तर, "येऊ दे, मंग सांगसू." बाळासाठी नवं कापड घेतलेलं दिसलं तर ती ते खुंटीवरून काढून पेटाऱ्यात टाकायला लावायची. बाळ येईपर्यंत त्याचं काही करायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आलं की जुनेरात गुंडाळायचं, मग काय नाचायचं ते नाचा. हा तिचा कायदा, आणि तो मोडायची छाती पाटलांच्या बायकांनाही नव्हती.

पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि गजराबाई पितांबर पाटलांच्या केळीत मजुरीला जायला लागली. त्याचं तिला वाईट वाटलं असेल, पण बोलली नाही. बोलणं हा तिचा प्रांतच नव्हे.

आता आमची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ, येणाऱ्या तारणाऱ्याची वाट बघायचे दिवस. चर्चमध्ये चार मेणबत्त्या मांडतात, दर रविवारी एक जास्त पेटवतात. आमच्याकडे त्या केळीच्या खांबाच्या तुकड्यात खोचतात. केळीचा खांब ओला, मेण ओघळलं तरी काही जळत नाही. तो पितांबर पाटलांच्या मळ्यातून आणायचं काम माझं. मेणबत्ती पेटवायची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. आणि ज्याची पाळी, त्यानं काडी ओढण्याआधी सगळ्यांसमोर उघड सांगायचं, की यंदा मी कशाची वाट बघतोय. मोघम चालत नाही. 'सगळ्यांचं भलं होवो' असं कुणी म्हटलं की आमचे जुने पाळक काडी विझवायला लावायचे. धुडकूनं बोअरला पाणी लागायची वाट बघतो म्हणून सांगितलं होतं. एका पोरीनं पोलीसभरतीच्या निकालाची. मग आठवडाभर सगळी मंडळी त्याच गोष्टीसाठी प्रार्थना करते. धुडकूला पाणी लागलं नाही. पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्या खडकाला शिव्या दिल्या, हेही काही कमी नाही.

चार वर्षांपूर्वी पाळी गजराबाईची आली. तिचा एकुलता एक मुलगा भूपेंद्र, त्याच्या बायकोला, कामिनीला, तेव्हा नववा महिना चालू होता. त्याआधी दोनदा तिचं पोटातच गेलं होतं. ह्या वेळी नऊ महिने भरत आले म्हणताना गजराबाईचा बांध फुटला. आयुष्यभराचा कायदा मोडून, दात नसलेलं तोंड उघडं टाकून ती हसली आणि म्हणाली, "मी मन्हा नातूनी वाट दखी ऱ्हायनू!" चर्चमध्ये टाळ्या पडल्या. मी पैज हरलो, पेटी कुणी मागितली नाही, आणि हरल्याचा मला आनंद झाला.

मुलगा एक जानेवारीला झाला. एक दिवस जगला.

त्यानंतर गजराबाईनं दार लावून घेतलं. महिनाभर. आम्ही त्या दारावरून जायचो यायचो. कुणी कडी वाजवली नाही. वाजवून म्हणायचं काय? ती परत चर्चला यायला लागली, पण शेवटच्या चटईवर, दाराशी. गाणं चालू असताना ओठ हलायचे. प्रार्थनेत कुणी 'साक्ष द्या', म्हणजे देवानं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा, म्हटलं की ती खाली बघायची.

यंदा तीस नोव्हेंबरला पहिला रविवार आला. चिठ्ठ्या काढल्या, चौथी चिठ्ठी गजराबाईची निघाली. मी पेटीवरून तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर कपाळावर ओढला. उपासना संपल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"रूपचंद, मन्ही चिठ्ठी काढी टाक."

"आक्का, ते मन्हा हातमा शे का? पाळकसाहेबस्ले सांग."

आमचे नवे पाळक हेमकांत. वय तिशीच्या आत, मनानं चांगले, पण पुस्तकातून नुकते बाहेर आलेले. ते म्हणाले, "आई, चिठ्ठी देवाच्या हातानं निघते." गजराबाई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या हातावर त्यांच्यासारखे कितीतरी रडत आलेले. मग ती निघून गेली.

त्या संध्याकाळी जेवताना माझी बायको रंजनाबाई म्हणाली, "कामिनी माहेरथून ईसन पंधरा दिन व्हयनात. नळवर एकदाव बी दखायनी नही."

"थंडी शे ना," मी म्हणालो.

"इतली थंडी का दिवसभर गोधडी पांघरीसन घरमा बसनी पडस?"

रंजनाबाई आमच्या गावची आशाताई. कुणाला दिवस गेले, कुणाच्या बाळाला डोस राहिला, सगळं तिच्या डोक्यात असतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि रंजनाबाईपासून पोट झाकलं म्हणून झाकलं जात नाही. कामिनी पाच महिने माहेरी, अक्कलकुव्याकडे होती. तिथून ती अंगभर शाल घेऊन आली आणि घरात शिरली ती शिरलीच.

दुसऱ्या दिवशी रंजनाबाई त्यांच्या दारात गेली. गजराबाई उंबऱ्यावर आडवी बसलेली.

"घरमा कोणी नही शे," ती म्हणाली.

आतून खोकला ऐकू आला.

"मंग खोकलनं कोण?"

"बकरी."

रंजनाबाई घरी आली ती रागानं लाल होऊन. पण राग वरवरचा, खाली भीती होती, ते मला दिसत होतं. कामिनीला सिकलसेल आहे. शाळेत असताना तपासणी झाली होती, कार्ड आहे. आमच्या भागात हा आजार घरोघरी. काहींच्या नुसता रक्तात असतो, काहींना छळतो. कामिनीला छळणारा आहे. रंजनाबाईनं मला ते शंभरदा समजावलंय: रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, अडकतात, हाडं ठणकतात, थंडीत वाढतं, आणि अशा बाईला दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांनाही धोका, तिला पहिल्या महिन्यापासून डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं लागतं. गजराबाईच्या लेखी मात्र ते कार्ड म्हणजे कागद. कागदावर तिचा कधीच विश्वास नव्हता, हातावर होता.

"तू जाय," रंजनाबाई मला म्हणाली. "तुले ती दारमा उभं करी. तू काही काम ना माणूस नही, तुन्ही भीती नही तिले."

हे कौतुक नव्हतं, पण खरं होतं.

अकरा तारखेला, गुरुवारी, मी गेलो. गजराबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि थोडी सरकून बसली. मी आत गेलो. कामिनी खाटेवर टेकून बसली होती. गोधडी घसरली होती, आणि पोट दिसत होतं. सात महिने सरलेले असावेत.

"दखं ना?" मागून गजराबाई म्हणाली. "आते इसरी जाय."

"आक्का, रंजनाले सांगू दे. तिले दवाखानामा..."

"तूच सांगं व्हतं ना?"

"मी? काय?"

"खड्डामा माटी लोटी ऱ्हायंतूत तवय. मन्हा शेजारे उभा व्हतास तू. तू सांगं, 'इतलं आगोदर बोलाले नको व्हतं, आक्का.'" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मन्ही वाचा लागनी त्याले. तू सांगं, मी मानं. आते तूच तोंड बंद ठेव."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आणि ती बोलली त्या क्षणी आठवलं. पुरताना सगळे गप्प होते, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो होतो. तीस वर्षं गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणायची सवय. गप्प उभं राहणं मला जमतच नाही. ते वाक्य बोलून मी घरी येऊन जेवलोही असेन. आणि ही बाई चार वर्षं ते उराशी घेऊन बसली होती.

मी कामिनीकडे पाहिलं. म्हटलं, ही शिकलेली आहे, दहावीपर्यंत गेलेली आहे, हिला तरी पटेल. ती म्हणाली, "काका, नका सांगू. तवय सांगं आनि गयं. यंदाव नही सांगं तं इतला दिन टिकनं."

माझंच पीक माझ्यासमोर उभं होतं. "नही सांगाव," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आशाताईच्या घरात राहायचं, तिच्या हातची भाकर खायची आणि ज्या एका गोष्टीसाठी तिचा जीव तुटतो ती गोष्ट पोटात ठेवायची. रंजनाबाईनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "झोपेल व्हती ती, मी दखं नही." बायकोशी खोटं बोलताना मी नेहमी पेटी पुसायला घेतो. त्या आठवड्यात पेटी चकाचक झाली.

तिसऱ्या रविवारनंतर थंडी उतरली. सातपुड्याकडून वारा सुटला की आमच्याकडे केळीची पानं फाटून चिंध्या होतात आणि म्हाताऱ्यांची हाडं बोलायला लागतात. सोमवारी भूपेंद्र मला रस्त्यावर भेटला. तो साखर कारखान्यात हंगामी आहे. गाळप चालू, पाळीवरून घरी चालला होता. डोळे तांबारलेले.

"काका, तुम्हीन तरी सांगा मायले. कामिनीना पाय दुखी ऱ्हायनात, पाठ दुखी ऱ्हायनी. माय शेक देस आनि म्हनस, वात शे. मन्हं आयकत नही."

"तू गाडी का बोलावत नही?"

"दोनदाव फोन हातमा लिधा. ती म्हनस, तुन्हा फोननं काही व्हयनं तं माले तोंड नको दखाडू." तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. "मंग मी ठेवी दिधा."

आई, बायको, मुलगा, आणि वर मी. चौघांनी मिळून एक गोष्ट झाकून ठेवली होती, आणि चौघंही ती वाचावी म्हणूनच झाकत होतो. ह्याला काय म्हणावं ते मला अजून कळत नाही. त्या रात्री जेवताना रंजनाबाई आपणहून बोलायला लागली, जणू भिंतीला सांगत होती. "नुसता हाडं दुखनात तं ऊब द्यो, पानी पाजो, एक दिन निभी जाई. पन दम लागना का एक घडी थांबानं नही. मंग रगत लागस, ऑक्सिजन लागस." मी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला संशय होता, नक्की होता.

मी ठरवलं: शनिवारपर्यंत बघायचं. शनिवारी ठरवलं: रविवारी उपासना झाली की रंजनाला सगळं सांगायचं, वचन गेलं खड्ड्यात. भित्रा माणूस नेहमी उद्याची तारीख देतो. मीही दिली.

एकवीस डिसेंबर. चौथा रविवार. सकाळी इतकं धुकं होतं की चर्चची पायरी दिसत नव्हती. मी केळीचा नवा खांब आणून टेबलावर ठेवला, चार मेणबत्त्या खोचल्या. मला खात्री होती की गजराबाई येणार नाही. आणि ती आली. धुतलेलं लुगडं, केस चोपून बसवलेले, पण चेहरा राखेसारखा. ती आली, कारण आली नसती तर लोक विचारायला घरी गेले असते. एवढंही तिनं मोजलं होतं.

मी तिच्याकडे बघत होतो, ती माझ्याकडे बघत नव्हती. गाणं झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं. हेमकांत पाळकांनी हाक मारली, "गजराबाई आई, पुढे या." ती आली. पहिल्या तीन मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. पाळकांनी काडेपेटी तिच्या हातात दिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आई, यंदा आपण कशाची वाट पाहत आहात?"

अशा वेळी मी पेटीवर मंद सूर धरायचा असतो. माझी बोटं पट्टीवर होती, भाता काही हलेना.

तिनं काडी ओढली. रीत अशी की आधी सांगायचं, मग ओढायची. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "आगोदर सांगनं पडस." काडी जळत गेली. तिच्या बोटांपर्यंत आली, तरी तिनं टाकली नाही. पाळकांनी घाबरून फुंकर मारली. तिनं दुसरी काडी काढली. ती उलट्या टोकानं ओढत राहिली. दोनशे लेकरं झेललेला तो हात असा चुकताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला कळलं की घरी काहीतरी झालंय. मी उठून उभा राहिलो. आता मी बोलणार, असं मी ठरवलं, खरंच ठरवलं होतं.

ती माझ्याआधी बोलली.

"मन्ही वहूले आठवा महिना शे," गजराबाई म्हणाली. "मी लपाडं. पहाटपाईन तिले दम लागी ऱ्हायना." ती थांबली. "दोनशे लेकरं झेलात या हातस्नी. पन माले आते काहीच समजत नही. ती जगो, तिनं लेकरू जगो, मी त्यानीच वाट दखी ऱ्हायनू. माले कोणी मदत करा रे."

रंजनाबाई तोपर्यंत तिच्यापाशी पोचली होती. मला वाटलं आता ती चार शब्द सुनावणार. तिनं फक्त विचारलं, "झोपाले जमस का तिले, का बसीसनच दम लेस?"

"बसीसन."

रंजनाबाई चपला न घालता धावली. तिच्यामागे अर्धं चर्च. पाळकांनी आशीर्वादसुद्धा दिला नाही, काडेपेटी टेबलावर टाकून तेही धावले, आणि त्या दिवसापासून ते मला आवडायला लागले.

एकशे आठला फोन लावला. गाडी शहाद्याकडे गेलेली, यायला पाऊण तास. रस्त्यालगत अन्वरभाई राहतो, केळीची खोकी वाहणारी पिकअप आहे त्याची. तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यानं गाडी काढली. मागे गादी टाकली, भूपेंद्रनं कामिनीला घरातून उचलून आणून बसवलं. तिचे ओठ निळसर पडले होते. एका बाजूला रंजनाबाई, दुसऱ्या बाजूला गजराबाई, पायाशी मी आणि भूपेंद्र.

नंदुरबारचा रस्ता एरवी पाऊण तासाचा. पण हंगामाचे दिवस. ऊस भरलेले ट्रॅक्टर एकामागे एक, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि वर धुकं. अन्वरभाई हॉर्नवरचा हात काढत नव्हता. एका ठिकाणी ट्रॉली कलंडून रस्ता अडलेला. त्यानं खिडकीतून डोकं काढून बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि गाडी सरळ कापसाच्या शेतात घातली. कामिनी दर धक्क्याला कण्हत होती. रंजनाबाई तिचं मनगट धरून फोनवर दवाखान्याशी बोलत होती, महिना किती, आजार कोणता, दम कधीपासून. गजराबाई काही करत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. रक्त लागणार म्हणाले, आणि ताबडतोब. मागोमाग आमची माणसं जीप, मोटारसायकल, मिळेल त्या गाडीनं पोचली. चौदा जण रक्त द्यायला उभे राहिले. पण तिला सिकलसेल नसलेलंच रक्त हवं, आणि आमच्यातल्या नऊ जणांच्या रक्तात सिकलसेल निघाला. त्यांतला एक मी. उरलेल्या पाचांत दोघांचा गट जुळला, आणि तिसरा अन्वरभाईचा. तो अर्धी दाढी घेऊन झोपला टेबलावर.

नर्सनं गजराबाईला आत येऊ दिलं नाही. "आजी, बाहेर बसा." ती बाहेर बाकावर बसली. दाराच्या ह्या बाजूला बसण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ असेल. मी शेजारी बसलो. मला खूप बोलायचं होतं, की ते चार वर्षांपूर्वीचं वाक्य मूर्खपणाचं होतं, की वाचेनं कुणी मरत नाही, की माझ्यामुळे आज हे झालं. शेवटी मी एवढंच म्हणालो, "आक्का, मी चुकनू." तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

दुपारी रंजनाबाई बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"तुले म्हाईत व्हतं?"

"व्हतं."

"कवयपाईन?"

"दहा दिन."

तिनं दोन पायऱ्या उतरून नळावर तोंड धुतलं आणि परत आत गेली. आज पाच दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंही बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

संध्याकाळी डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण, दमलेल्या. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत असं मी म्हणणार नाही. पण आणलंत. आईचा दम कमी झालाय. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण वजन कमी आहे. जितके दिवस पोटात राहील तितकं बरं. नाही राहिलं तर आम्ही काढू. आत्ता नक्की काही सांगता येत नाही."

गजराबाईनं मान डोलावली. तिच्याच धंद्यातलं बोलणं होतं ते. पण आता ऐकण्याची पाळी तिची होती.

त्या आठवड्यात एक गोष्ट झाली जी मी कधी पाहिली नव्हती. कुणी ठरवलं नाही, यादी केली नाही, तरी दवाखान्याचा तो बाक एकदाही रिकामा राहिला नाही. सकाळी धुडकू, दुपारी पाळकांची बायको, पितांबर पाटलांच्या घरून डबा, शहाबानो भाभी, म्हणजे अन्वरभाईची बायको, गरम दूध घेऊन. येणारा प्रत्येक जण आधी गजराबाईलाच विचारायचा, "काय खबर?" आणि ती सांगायची. आज ठोके असे, आज ताप नाही, आज दुसरी बाटली लागली. एक-एक गोष्ट, ज्याला त्याला. एवढं बोलताना मी तिला पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. कधीकधी मध्येच दचकून थांबायची, तोंडावर हात ठेवायची, आणि मग हात काढून पुढे सांगायची. तिला भीती वाटत होती, प्रत्येक वेळी वाटत होती. तरी सांगत होती.

नाताळ गुरुवारी झाला. गाणी म्हटली, केक कापला, पोरं नाचली. माझी बोटं दोनदा चुकली, कुणी काही म्हणालं नाही. उपासना संपताच मी डबा घेऊन नंदुरबारला गेलो. भेटायची वेळ होती, गजराबाईला आत सोडलं होतं. मी दाराशी डबा धरून उभा राहिलो. कामिनी उशीला टेकून बसली होती, नळी नाकात, एक हात पोटावर. सासू-सून हळू बोलत होत्या. त्यांना मी दिसलो नाही.

"माय," कामिनी म्हणाली, "तुम्ही सगळास्ले सांगं?"

"सगळास्ले सांगं. ती पलीकडना खाटवालीले बी सांगं. तिना नवराले बी."

कामिनीनं नाकातली नळी सारखी केली. मग, अगदी बारीक आवाजात, "आनि यंदाव बी नही टिकनं तं?"

मला वाटलं गजराबाई आता तिचं तोंड दाबणार. असलं बोलणं ती आयुष्यात कुणाला बोलू द्यायची नाही. तिनं कामिनीचा हात आपल्या हातात घेतला.

"तं सगळा रडतीन, पोरी," ती म्हणाली. "तवय मी दार लाईसन एकलीच रडनू. आते एकली नही रडाव."

मी डबा दाराशीच ठेवला आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. आज सव्वीस तारीख. आमचा नाताळ झाला. बाळ अजून आलेलं नाही.